कुठला इंच?

आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात तीनदा काम बदललं, आणि प्रत्येक वेळी पहिल्याच दिवशी काहीतरी घोळ घातला. हे मी कौतुकानं सांगते आहे. घोळ न घालणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ती जिथे चिकटली तिथेच म्हातारी झाली.

चामटोलीत आमचं सुतारकाम बैलगाड्यांचं. सासऱ्यांच्या हातची गाडी बदलापूरच्या बाजारात लोक चाकावरून ओळखत. सासरे गेले तेव्हा ह्यांच्या वाट्याला एक सागवानी गज आला. गज म्हणजे मापाची काठी, तिच्यावर चोवीस खाचा. दोन खाचांमधलं अंतर म्हणजे एक तसू. ह्यांचं सगळं जग त्या तसूत मोजलेलं. पण दुसरी मोठी लढाई संपली, लष्कराचे जुने ट्रक विकायला निघाले, आणि खडी वाहणाऱ्या ठेकेदारांनी गाड्या सांगायचं बंद केलं. एका वर्षी आमच्या अंगणात एकही चाक उभं राहिलं नाही. हे दिवसभर ओट्यावर बसून रंध्याला धार लावत. धार लावायला काही हरकत नव्हती, पण रंधा चालवायला लाकूड नव्हतं.

त्याच सुमारास कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासित सिंधी येऊन राहिले होते आणि तिचं उल्हासनगर झालं होतं. लांबच लांब बराकी, त्यांत गोणपाटाचे पडदे टाकून केलेली बिऱ्हाडं. पडद्याला कडी लावता येत नाही, त्यामुळे दारांना मागणी फार. त्या वस्तीच्या चार नंबर कॅम्पात एका सिंधी गृहस्थांनी दारं-खिडक्यांचं दुकान टाकलं होतं. सिंधमध्ये ते शाळामास्तर होते. सिंधी लोक मानानं कोणालाही साईं म्हणतात, तसं सगळे त्यांना साईं म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी ह्यांना सहा दारांची मापं इंचांत कागदावर लिहून दिली. हे म्हणाले, घरी करून आणतो, तिथे माझी हत्यारं आहेत.

दारं तयार झाली. मला कॅम्पातून कापड घ्यायचं होतं म्हणून मीही दारांच्या बैलगाडीत बसले. तिथे पोचल्यावर साईंच्या माणसांनी पहिलं दार उचलून चौकटीला लावलं, तर ते चार-पाच बोटं जास्त रुंद आणि वीतभर जास्त उंच. दुसरं तसंच. सहाच्या सहा तशीच. बघे जमले. कोणीतरी विचारलं, "मिस्त्री, दरवाजे हाथी के वास्ते बनाये क्या?" आणि सगळा बाजार हसला. ह्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

साईं मात्र हसले नाहीत. दारावरून हात फिरवत म्हणाले, "बड़ा है तो काट लेंगे. छोटा होता तो रोते. काम अच्छा है, साईं." कालपर्यंत फळ्यासमोर उभं राहणारा तो माणूस, आज भुशात उभा राहून एका खेडुताची लाज राखत होता. मला त्यांच्या पायांना हात लावावासा वाटला.

घरी आल्यावर मुलीच्या दप्तरातली फूटपट्टी काढून मीच गजाशेजारी ठेवली. बारा इंच संपले तिथे बारा तसू संपेनात. ते दीड इंच पुढे गेले होते. ह्यांनी पट्टी उलटी करून पुन्हा लावली. मग म्हणाले, "मना वाटला, इंच म्हंजे तसूच. इंग्रजीत इंच बोलतान एवढाच."

आणि उठले, गज माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चुलीत घाल ह्याला."

मी चुलीकडे गेले. पुढचं नंतर सांगते.

दुसऱ्या दिवशी हे सायकलवरून कॅम्पात गेले आणि सहाही दारं कापून बसवून आले. त्यानंतर चार वर्षं तिथेच काम केलं. तेव्हापासून एक सवय लागली: नवं माप हातात आलं की आधी दुसऱ्या मापाशेजारी ठेवून बघायचं. मी भाकरी थापताना परात बदलली तरी हे वाकून बघत. मी चिडवायची, "आज भाकरी किती इंचाची करू?"

मग कॅम्पात पक्के ब्लॉक झाले, दारं मुंबईहून तयार येऊ लागली. साईंनी दुकान आवरलं आणि एक नंबर कॅम्पात कापडाचा धंदा धरला. पन्नाशीला आलेला माणूस, पण नवा धंदा असा सुरू केला, जणू नव्या वर्गावर शिकवायला चालला आहे. ह्यांनी अंबरनाथला माल भरायची खोकी ठोकायचं काम धरलं. चाकं घडवलेले हात दिवसभर खिळे मारत होते. तक्रार कधी केली नाही. पण घरी आल्यावर हत्यारांच्या पेटीकडे बघेनात, तेव्हा मी समजले.

त्याच अंबरनाथात एका कारखान्यात लोखंडाच्या ओतकामासाठी लाकडी साचे करणारे सुतार हवे होते. ह्यांचं वय अटीच्या वर गेलेलं. तिथल्या फोरमन साहेबांनी सांगितलं, "परीक्षेत हात दाखवा, वयाचं मी बघतो. नाही जमलं तर मात्र पुन्हा येऊ नका." म्हणजे ही एकच संधी. नाहीतर मरेपर्यंत खोकी. त्या सकाळी ह्यांनी चहासुद्धा अर्धा ठेवला.

परीक्षेत काय झालं ते ह्यांच्याच तोंडून ऐकलेलं. पाच जण होते, बाकी चौघे तरुण. कागदावर लोखंडी चाकाचं चित्र, त्यावर इंचांचे आकडे, त्याचा लाकडी साचा करायचा. टेबलावर पोलादी पट्ट्या पडलेल्या. चौघांनी हाताला आली ती पट्टी उचलून करवत चालवायला घेतली. ह्यांनी सवयीनं दोन पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवल्या. त्यातली एक पट्टी दर फुटाला एका सुतानं लांब! सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, इतका फरक कोण बघतो? ह्यांनी पुन्हा लावून पाहिलं. मग साहेबांकडे जाऊन विचारलं,

"साहेब, ह्यातला कुठला इंच?"

चौघे फिदीफिदी हसले. इंच तो इंच. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "आधी ओतशाळेत काम केलंय?"

इथे दुसरा कोणी असता तर हो म्हणाला असता. एका शब्दाचं तर काम. हे म्हणाले, "नाय साहेब." आणि हत्तीच्या दारांची सगळी गोष्ट सांगून टाकली, बाजार कसा हसला त्यासकट.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग सांगितलं की लाकडी साच्याचा वाळूत छाप घेऊन त्यात ओतलेलं तापलेलं लोखंड निवताना आकसतं, म्हणून साचा थोडा मोठाच करावा लागतो, आणि म्हणून साचेवाल्यांची पट्टी मुद्दाम लांब केलेली असते. ती ह्यांच्या हातात देऊन म्हणाले, "हा तुमचा इंच. आता चाक करा."

चाक! बैलगाड्यांची चाकं घडवणाऱ्या ह्यांना चाकच सांगितलं होतं. ह्यांनी लगेच करवत उचलली म्हणे.

संध्याकाळी हे नोकरी पक्की करून दारात उभे राहिले ते पट्टी न आणताही पट्टीसारखे ताठ. सगळं सांगून झाल्यावर ह्यांची नजर चुलीकडे गेली. मग म्हणाले, "आज बाचा गज पायजे होता. उगाच जालायला लावला."

मी उठले, तांदळाच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि गज बाहेर काढला. मला काही पुढचं दिसत होतं असं नाही. सासऱ्यांच्या हाताचा घाम मुरलेलं लाकूड चुलीत घालायला माझा हात धजला नव्हता, इतकंच. ह्यांनी तो घेतला, लुगड्याच्या पदरानं पुसला. पदर माझाच, न विचारता ओढलेला. डोळे भरून आलेले मला दिसू नयेत म्हणून खाली मान घालून एकेक खाच मोजत बसले, चोवीसपर्यंत.

आणि मग वर बघून म्हणाले, "साहेबाचा इंच मोठा हाय खरा. पन बाचा त्याच्याहून मोठा."