पहिलं बरं की दुसरं?

माझी मावशी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते आणि घरी संगीत लिहिते. दोन्ही कामं सारख्याच हट्टाने. गिऱ्हाईकाला खुर्चीत बसवून ती डोळ्यापुढे एक काच धरते, मग दुसरी, आणि विचारते, "पहिली बरी की दुसरी?" गिऱ्हाईक म्हणतं, दोन्ही सारख्याच. मग ती परत पहिली दाखवते. ज्यांना घाई असते ती माणसं शेजारच्या दुकानात जातात.

संगीत लिहिते म्हणजे गाण्यांना चाली लावत नाही. व्हायोलिन, चेलो असल्या वाद्यांसाठी सूर न् सूर कागदावर उतरवते आणि मग ते वाजवणारी माणसं शोधत फिरते. असं नवं संगीत लिहिणाऱ्यांचं आमच्याकडे एक लहानसं मंडळ आहे. त्यांच्या मैफलीला येणारे निम्मे लोक स्वतःच संगीतकार असतात आणि आपला नंबर कधी लागतोय याची वाट पाहत असतात. उरलेले त्यांचे नातेवाईक. माझी आई, म्हणजे मावशीची थोरली बहीण, दर वेळी पहिल्या रांगेत बसते, पर्स मांडीवर घट्ट धरून. वाजवणं थांबलं की मला कोपर मारून विचारते, "झालं?" विचारावंच लागतं. एकदा तिने मधल्याच शांततेत टाळ्या वाजवल्या होत्या. ते ती अजून विसरलेली नाही, आणि मंडळही विसरलेलं नाही.

या जगाची एक रीत आहे, आणि तिचा मला मनापासून राग येतो. रचना पहिल्यांदा वाजणार असेल तर सगळे हात पसरून तयार. पत्रिकेवर 'प्रथमच' असं ठळक छापता येतं ना! दुसऱ्यांदा मात्र कुत्रं विचारत नाही. मावशीचं आजवरचं सगळं लिखाण एकेकदा वाजलं आणि कपाटात गेलं. तिने ज्याला त्याला गाठून विचारून पाहिलं. सगळ्यांचं उत्तर एकच: "नवीन काही असेल तर द्या."

मंडळातला एक संगीतकार जुन्याच रचनेला दर वर्षी नवं नाव देतो आणि 'प्रथमच' म्हणून खपवतो. आम्ही त्याला नावबदल्या म्हणतो. मी मावशीला म्हटलं, "तूही कर की तसं."

"चोरून कशाला वाजवू?" ती तडकली. "मला त्याच लोकांना, तीच रचना, परत ऐकवायचीये. नाही आवडली तर नाही आवडली. पण एकदाच ऐकून कुणी नाक मुरडलेलं मी चालवून घेणार नाही."

यंदा मंडळाने तिला चार वादकांसाठी रचना लिहायला सांगितली. वेळ दिला पाव तास. मावशीने लिहिली ती त्याच्या निम्म्या वेळाची.

तालीम एका शाळेच्या वर्गात होती. बाकं भिंतीशी रचून ठेवलेली, फळ्यावर कुणाची तरी गणितं तशीच. दोन व्हायोलिनवाले, व्हायोलिनचा जरा मोठा भाऊ असलेला व्हायोला वाजवणारा एक आणि एक चेलोवाली. चेलोवालीला सगळे बाईसाहेब म्हणतात, कारण ती कुणाचं ऐकत नाही. रचना वाजवून झाली आणि थोरल्या व्हायोलिनवाल्याने घड्याळ पाहिलं.

"हे लवकरच संपलं की हो."

"हो. मग परत वाजवायचं. पहिल्यापासून."

"मग तशी खूण टाका ना कागदावर."

"खूण टाकली की ते एकच होऊन बसतं. मध्ये टाळ्या होऊ देत. लोकांना वाटू दे, संपलं. आणि मग परत."

"लोक पळून जातील," बाईसाहेब गज पुसत म्हणाल्या.

"दारात भाचीला उभी करीन." मला कुणी विचारलं नव्हतं.

मंडळाच्या चिटणीसांच्या कानावर हे गेलंच. ते लगबगीने वर्गात आले. "आपला नियम माहितीये ना? आधी वाजलेली रचना आपल्या मंचावर चालत नाही."

"आधी कुठे वाजलीये?"

"तुम्ही दुसऱ्यांदा वाजवाल तेव्हा ती आधी वाजलेली असेलच ना!" चिटणीसांना आपल्या बोलण्यात काही गंमत वाटली नाही. "एकदाच वाजवायची. पुढे आणखी लोक आहेत."

मावशी गप्प बसली. ती गप्प बसली की लोकांना वाटतं, पटलं. घरच्यांना माहीत असतं, आता काही खरं नाही. वादकांनी मात्र अंग काढून घेतलं. "आम्हाला या मंचावर परत यायचंय," थोरला व्हायोलिनवाला म्हणाला. "आम्ही एकदा वाजवू आणि उतरू." बाईसाहेबांनी चेलो पेटीत ठेवला आणि झाकण जरा जोरातच आपटलं.

मैफलीच्या संध्याकाळी मावशी दुकानातून थेट आली. गळ्यात चष्म्याची दोरी तशीच होती. रचना सुरू झाली. व्हायोलाचा एक बारीक, लांब सूर. त्यावर व्हायोलिनचे तीन सूर पायऱ्या उतरल्यासारखे खाली येतात, एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि विरतात. मग लांबलचक शांतता, आणि त्या शांततेच्या शेवटी चेलो तेच तीन सूर उलटे, वर चढत नेतो. सगळी रचना त्या जागेसाठी लिहिलेली. आणि नेमक्या तिथे बाईसाहेब लवकर शिरल्या. शांतता व्हायच्या आत मोडली. मावशीने डोळे मिटून घेतले.

सभागृहात कुणाला पत्ताही लागला नाही. नव्या संगीतात चूक कुणाला कळत नाही, पण बरोबर आलेलं तरी कुठे कळतं!

"झालं?" आईने विचारलं. "झालं," मी म्हटलं. टाळ्या पडल्या, बेताच्या.

अशा वेळी रचनेची कितीही वाट लागलेली असो, संगीतकाराने मंचावर जायचं, वादकांशी हात मिळवायचे, वाकायचं आणि हसायचं. मावशीने जन्मभर तेच केलं होतं. आजही ती मंचावर गेली. पण वाकली नाही. प्रेक्षकांकडे पाठ करून वादकांना म्हणाली, "बसा. परत."

चौघे उभेच. थोरला व्हायोलिनवाला आपल्या बुटांकडे बघायला लागला. आता ही एकटी तिथे उभी राहणार आणि मग गुपचूप खाली येणार, असं वाटून मला रडूच यायला लागलं. बाजूने चिटणीस पुढचं नाव पुकारायला निघाले होते.

तेवढ्यात खुर्ची करकरली. बाईसाहेब बसल्या. चेलो त्यांनी जमिनीवर घट्ट रोवला.

"मी चुकले," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मला माझी जागा परत हवीये."

एकजण बसल्यावर बाकीचे तिघे खांबासारखे किती वेळ उभे राहणार? तेही बसले. चिटणीस हात हलवत मधोमध आले. "अहो, पण नियम..."

"बाजूला व्हा हो!" पहिल्या रांगेतून आई ओरडली. "माझ्या बहिणीचं चाललंय ना!"

लोक हसले. चिटणीस खाली येऊन बसले.

परत व्हायोलाचा तो सूर. मंडळी या वेळी खुर्चीत रेलून नव्हती. तीन सूर खाली उतरले तेव्हा रांगेच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखी मान हलवली. खुद्द नावबदल्या पुढे झुकला होता. मग सगळं विरलं आणि ती शांतता आली, पूर्ण, लिहिली होती तेवढी. टाळी पडेल या भीतीने मी आईचा हात धरायला गेले.

तिनेच माझा हात दाबला. "थांब," ती कुजबुजली. "अजून चेलो यायचाय."

आणि चेलो आला.

मावशी मंचावरून उतरून आमच्या शेजारी येऊन बसली. टाळ्या अजून चालू होत्या. "ताई," तिने विचारलं, "पहिलं बरं की दुसरं?"

आईने पर्स उघडली, रुमाल काढला, नाक पुसलं.

"परत वाजवायला सांग," ती म्हणाली. "मग सांगते."