साडूभाऊंचं मेंबरशिप कार्ड

एका वेळी एकच साबण विकत घेणारा माणूस एक तर प्रवासात असतो किंवा त्याच्या घरात काहीतरी बिनसलेलं असतं, असं माझ्या साडूंचं ठाम मत आहे. सिंगापुरात माझ्या ओळखीची मराठी माणसं पुष्कळ आहेत. कुणी बँकेत नाव काढलं, कुणी महागड्या कंडोत फ्लॅट घेतला, कुणी नागरिक होऊन मुलाला इथल्या सैन्यात पाठवलं. पण घाऊक खरेदीवर साडूभाऊंइतकी श्रद्धा असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. मूळचे पुण्याचे, कॉम्प्युटरच्या धंद्यातले, आणि सेंगकांगला आमच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर राहणारे. स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी सासऱ्यांना सुचवलं होतं म्हणे, की धाकटीचंही याच मांडवात उरकून टाका, कार्यालय आणि केटरर दोन्ही स्वस्तात पडतील. धाकटी, म्हणजे माझी बायको, तेव्हा अकरावीत होती.

अशा माणसाच्या हातात एके दिवशी मेंबरशिप कार्ड पडलं. बेटाच्या पार पश्चिमेच्या टोकाला तेव्हा एक गोदामवजा दुकान निघालं होतं. आत शिरायचं तर आधी वर्षाची फी भरून सभासद व्हायचं, आणि आत गेल्यावर कुठलीही वस्तू एकेकटी मिळायची नाही. साबण चोवीस, टूथपेस्ट डझनभर, साखरेचं आख्खं पोतं. "दुकानात नुसतं जायला पैसे?" ताईंनी, म्हणजे साडूभाऊंच्या पत्नीनं, विचारलं. "अगं, ती फी नाही, ते बियाणं आहे," साडूभाऊ म्हणाले आणि त्याच शनिवारी कार्डावरच्या फोटोसाठी दाढी करून गेले. तो फोटो त्यांच्या पासपोर्टातल्या फोटोपेक्षा चांगला आला आहे. पाहुणा घरी आला, की काहीतरी निमित्त काढून ते कार्ड त्याच्या नजरेला पडेल अशी व्यवस्था होत असे.

सेंगकांगहून तिथं पोचायला एमआरटीच्या गाड्या बदलत सव्वा तास लागायचा. साडूभाऊ महिन्यातून एकदा, शनिवारी, इथल्या म्हाताऱ्या बायका बाजारात नेतात तसली दोन चाकांची चौकडीची ट्रॉली घेऊन निघत. जाताना ट्रेन आणि येताना टॅक्सी. टॅक्सी का, तर साखरेचं पोतं घेऊन जिने चढता येत नाहीत. टॅक्सीचं भाडं मात्र बचतीत धरायचं नाही, असा त्यांचा नियम होता. "टॅक्सी ही वेगळी गोष्ट आहे, ते माझं करमणुकीचं बजेट." एकदा ते सहा माणसांचा तंबू घेऊन आले. घरात माणसं तीन. "बाबा, वी ओन्ली थ्री पीपल लेह," त्यांची मुलगी सई म्हणाली. तो तंबू त्यांनी पासिर रिसच्या किनाऱ्यावर एकदाच उभारला, आणि उरलेल्या तीन जागा भरायला आम्हां तिघांना बोलावून घेतलं. दुपारभर आम्ही सहाजण त्यात घामाघूम होऊन बसलो होतो आणि साडूभाऊ दर पंधरा मिनिटांनी विचारत होते, "माणशी काय पडला, सांगा बरं?"

आणलेला माल जायचा बॉम्ब शेल्टरमध्ये. इथल्या सरकारी फ्लॅटात प्रत्येक घराला अशी एक खोली असते, जाड भिंतींची, लोखंडी दाराची, बिनखिडकीची. युद्ध काही होत नाही, म्हणून लोक तिथं झाडू आणि सुटकेसा ठेवतात. साडूभाऊंच्या शेल्टरमध्ये जमिनीपासून छतापर्यंत टिश्यूचे रोल, कागदी प्लेटा, कपड्यांच्या साबणाच्या बादल्या आणि एक किलो दालचिनी होती. खरंच बॉम्ब पडला असता तर टिश्यू तेवढे वाचले असते, माणसांना आत शिरायला जागाच नव्हती. दालचिनी सईच्या लग्नापर्यंत पुरेल असा अंदाज होता. सई तेव्हा चौथीत होती.

त्यांची सगळ्यांत गाजलेली खरेदी म्हणजे चार किलो मस्टर्ड. परदेशी सॉसचा तो पिवळाधमक डबा पाहिला आणि त्यांना वाटलं, ही तर आयती फेसलेली मोहरी! त्या वर्षी ताईंनी कैरीचं लोणचं घातलं, ते या मोहरीत. फेसायची कटकट वाचली, नाकाला झिणझिण्या आल्या नाहीत, सगळं छान झालं, फक्त लोणचं लोणच्यासारखं लागेना. ते आंबटगोड काहीतरी पाच घरांत बरणी-बरणी वाटलं गेलं. आमच्या घरी मुलानं ते ब्रेडला लावून खाल्लं आणि आणखी मागितलं. साडूभाऊंनी ही बातमी वर्षभर दाखला म्हणून वापरली.

पाच घरं, म्हणजे त्यांचं, आमचं आणि आसपासच्या ब्लॉकांतली आणखी तीन मराठी कुटुंबं. कार्ड एकाचं, माल पाचांचा. शनिवारी आणलेला माल रविवारी सकाळी ब्लॉकच्या खाली, त्या मोकळ्या व्हॉइड डेकमध्ये, वाटला जायचा. दगडी टेबलावर वर्तमानपत्र पसरून साडूभाऊ उभे राहत. डाव्या हातात पुण्याहून आणलेला ताणकाटा उंच धरलेला, उजव्या हातात डाव. रवा, साखर, बदाम, कपड्यांचा साबण. काटा किलोच्या पुढे गेला की ते चमचाभर माल परत काढत, क्षणभर त्या चमच्याकडे बघत, आणि "असू दे" म्हणून तोच चमचा पुन्हा पिशवीत टाकत. दर पिशवीला. आम्ही त्यांना खरेदीच्या भावानं पैसे देत असू. फी, टॅक्सी आणि ते "असू दे" यांचा विषय कधी निघत नसे. एकदा टाउन कौन्सिलचा माणूस येऊन उभा राहिला. "अंकल, सेलिंग इज इट? हिअर कॅनॉट सेल आह." साडूभाऊंनी ताठ होऊन सांगितलं, "नॉट सेलिंग. डिव्हायडिंग." तो माणूस थोडा वेळ काट्याकडे बघत राहिला. "डिव्हायडिंग कॅन," तो म्हणाला आणि गेला. त्या दिवसापासून साडूभाऊ रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरू लागले.

मी हे तेव्हा गमतीनं बघत होतो. आज मला स्वच्छ दिसतं ते असं, की तेरा वर्षं एकाच कंपनीत असलेल्या या माणसाची वाट ऑफिसात कुणी बघत नव्हतं. त्यांचे साहेब त्यांच्याहून वयानं लहान होते आणि मीटिंगला त्यांना बोलवायचं विसरायचे. रविवारी साडेनवाला मात्र चार घरची माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन त्यांची वाट बघत उभी असायची.

चौथ्या वर्षी कार्डाचं नूतनीकरण आलं आणि ताईंनी पाय घट्ट रोवले. ताई ब्लाउज उत्तम शिवतात. गिऱ्हाइकं वाढली होती आणि मशीन झोपण्याच्या खोलीत पलंगाला खेटून होतं. त्यांना शेल्टर हवं होतं, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "या कार्डानं आपले पैसे खरंच वाचतात का, ते एकदा ठरू दे," त्या म्हणाल्या. "वाचत असतील तर मी मशीनचं नाव काढणार नाही. नसतील तर कार्ड बंद." साडूभाऊंनी छातीवर हात ठेवला. "कबूल. हिशेब सीएसाहेब करतील." सीएसाहेब म्हणजे मी. ते मला याच नावानं हाक मारतात.

मी चांगला हिशेबनीस आहे, निदान तेव्हा मला तसा गर्व होता. ताईंनी बिस्किटांच्या डब्यात जपलेल्या चार वर्षांच्या पावत्या दिल्या, आणि मी तीन संध्याकाळी बसून हिशेब केला. टिश्यू, साबण, बदाम, तेल यांत बचत होती, चांगली होती. पण फी होती, टॅक्सी होती, मऊ पडून फेकलेले टोस्ट होते, तंबू होता. साडूभाऊंच्या घराला दर वर्षी दोनेकशे डॉलरचा तोटा होत होता. मी कागद नीट टाइप करून दिला. ताईंनी वाचला आणि साडूभाऊंकडे सरकवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "आकडे बरोबर आहेत," ते म्हणाले. "टॅक्सीसुद्धा धरलीत तुम्ही." एवढंच.

कार्डाची मुदत मार्चमध्ये संपली. शेल्टर हळूहळू रिकामं झालं, शिवणयंत्र आत गेलं, ताईंनी तिथं छोटा पंखा लावला आणि दार उघडं ठेवून त्या समाधानानं शिवू लागल्या. रविवारी खाली उतरायचं कारण उरलं नाही. त्या तीन कुटुंबांशी मग फोनवर बोलणं व्हायचं, तेही कमी होत गेलं. मेमध्ये एकदा खालच्या सुपरमार्केटात मला साडूभाऊ दिसले. हातात साबणाची एकच वडी होती. मला बघून त्यांनी ती किंचित मागे धरली.

त्या वर्षीचा गणपती नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे दीड दिवसाचा होता. चाळीस माणसं. कुणी काय करून आणायचं ते वाटून घेतलेलं होतं: मसालेभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, मोदक आमच्याकडे. आरती झाली, जेवणं मांडली आणि लक्षात आलं की प्लेटा नाहीत. यादीत प्लेटा नव्हत्या, कारण चार वर्षांत त्या कधी यादीत लिहाव्याच लागल्या नव्हत्या. पाचही घरांना वाटलं होतं की त्या असतातच. सगळे नकळत शेल्टरकडे बघायला लागले. तिथं मशीनवर अर्धा शिवलेला ब्लाउज होता. साडूभाऊ सोवळ्यावरच शर्ट चढवून खाली पळाले आणि वाढदिवसाच्या प्लेटांची तीन पाकिटं घेऊन आले, छोट्या, डायनासोरचं चित्र असलेल्या, तीस. "एवढ्याच होत्या," ते दारात म्हणाले. या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. लोक हसत हसत पाळीपाळीनं डायनासोरवर मसालेभात जेवले.

जेवणं झाल्यावर मी त्यांना गॅलरीत गाठलं आणि सांगून टाकलं. त्या कागदात मी फक्त त्यांच्या घरचा हिशेब मांडला होता. आमच्या घरचाही मी केला होता, वेगळ्या कागदावर. आम्हांला दर वर्षी फायदा होता, बाकीच्या तीन घरांनाही असणार. पाचही घरं एकत्र धरली तर कार्ड नफ्यात होतं. "तो कागद मी दाखवला नाही. मला कुणी विचारलं नव्हतं," मी म्हणालो, आणि माझीच मला लाज वाटली.

साडूभाऊ खाली व्हॉइड डेककडे बघत होते. "सीएसाहेब, एवढं गणित मलाही येतं हो," ते म्हणाले. "पहिल्याच वर्षी केलं होतं. पण ती इतकी वर्षं त्या पलंगाला खेटून शिवत होती, तेही खरंच होतं ना."

पुढच्या शनिवारी मी सव्वा तास प्रवास करून पश्चिमेच्या टोकाला गेलो, फी भरली आणि फोटो काढून घेतला. तो चांगला आला नाही. आत गेल्यावर काय घ्यावं ते मला कळेना, म्हणून चारशे कागदी प्लेटा घेतल्या आणि टॅक्सी केली. त्या आमच्या शेल्टरमध्ये ठेवायच्या असं बायकोशी ठरलं होतं. रविवारी साडेनवाला सगळ्यांना खाली बोलावलं. चारही घरची माणसं आली, थोडी अवघडलेली, हातात रिकाम्या पिशव्या.

साडूभाऊ सर्वांत शेवटी लिफ्टमधून बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट होता, आणि हातातल्या फडक्यात ताणकाटा गुंडाळलेला होता. प्लेटा वजनावर वाटत नाहीत, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. मी पहिला गठ्ठा एका पिशवीत घालून पुढे केला. त्यांनी ती काट्याला अडकवली, डावा हात उंच धरला, आकडा बराच वेळ बघितला, आणि टेबलावरची आणखी एक प्लेट उचलून पिशवीत टाकली.

"असू दे," ते म्हणाले.