धर्मराज नावाची होडी

पनवेलच्या कोळीवाड्यात गुणाबाईचा शब्द खाली पडत नसे, कारण ती तो पडू देत नसे. आई गेली तेव्हा तिचा भाऊ धर्मराज रांगत होता. त्याला कडेवर घेऊन तिने बाजारात मासळी विकली. लग्नही केलं ते वाड्यातल्याच जगनशी, भावाला सोडून लांब जायला नको म्हणून. तोच भाऊ मिसरूड फुटल्यावर पलटणीत गेला आणि चव्वेचाळीस साली इटलीत पडला. तार आली. बाकी काही आलं नाही.

लढाई संपल्यावर शिवा नावाचा त्याचा पलटणीतला सोबती महाडहून घर शोधत आला. पुढ्यातला पाण्याचा तांब्या तसाच ठेवून तो म्हणाला, "ताई, खोटं सांगत नाही. त्याला अग्नी मिळाला नाही. वरून तोफा, खाली चिखल, सरणाला लाकूड कुठलं? आम्हीच खड्डा खणला. आता तिथं सरकारी दफनभूमी झालीय. दगड आहे, दगडावर नाव आहे."

"त्या दगडापाशी जातं कोन?" गुणाबाईने विचारलं.

पुढल्या वर्षी जगनने नवी होडी बांधून घेतली, तेव्हा गुणाबाईने दिनानाथ सुताराकडून तिच्यावर भावाचं नाव रंगवून घेतलं. दुसऱ्याच दिवशी वाड्याचा म्होरक्या तुळशीराम दारात उभा.

"गुणा, धर्मराज म्हंजी यम. यमाचं नाव घेऊन पान्यात कोन जातंय? त्यात पोर अग्नीबिगर मातीत गेलेला. अशाचा जीव घुटमळतो. नाव पुसून टाक."

"काका, माझ्या बापानं हे नाव ठेवलं, त्या बारशाला तुमी जेवलात. तवा यम नाय आठवला?"

"तवा तो जिता होता."

"पलटणीत निघाला तवा हार तुमीच घातलात. मेल्यावर त्याचा इटाळ झाला व्हय?"

तुळशीराम पाठ फिरवून निघून गेला. सकाळी बघतात तर होडीवरचं नाव खरवडलेलं. जगन म्हणाला, "जाऊ दे गुणा, दुसरं कायतरी नाव ठेवू." ती उठली ती तडक दिनानाथकडे.

"रंग नको आता. छिन्नीनं कोर."

"बाई, मला याच बंदरावर काम करून पोट भरायचंय."

"मग छिन्नी दे."

तिला अक्षर येत नव्हतं. रंगाच्या उरल्यासुरल्या खुणांवरून ती एकेक रेघ कोरत गेली. शेवटी दिनानाथने तिच्या हातातली छिन्नी घेतली आणि शेवटचा 'ज' स्वतः कोरला.

पण होडीवर यायला एकही गडी तयार होईना. तेव्हा गुणाबाईने कासोटा घट्ट केला, नणंद सखूबाईला हाताशी धरलं आणि जगनबरोबर वल्ह्याला बसली. धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं, "बाईमानूस होडीवर?"

"भावाच्या घरी जायला बाईनं कोनाला इचारायचं?" ती म्हणाली आणि वल्हं पाण्यात घातलं.

हाताला फोड आले. जाळ्यात कधी चार बोय मासे, कधी नुसता गाळ. धक्क्याला होडी बांधू देईनात, म्हणून ती खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत बांधायची. असे दोन हंगाम गेले. मग जगनचा पुतण्या काशीराम आला, कारण त्याला दुसऱ्या कुठल्या होडीवर जागा नव्हती. त्याच्यामागून आणखी एक आला. एके दिवशी गुणाबाईने होडी सरळ धक्क्याला आणून बांधली. तिचा दोर सोडायला कुणी आलं नाही.

तुळशीरामने मात्र त्या होडीवर कधी पाय ठेवला नाही, की तिचं नाव तोंडातून काढलं नाही. एकदा ओहोटी लागली आणि त्याची होडी आत अडकली. बाहेरच्या बाजूला गुणाबाईची आडवी.

"ए, ती होडी बाजूला घ्या," तो ओरडला.

गुणाबाई काठावर जाळं सांधत बसली होती. "कंची होडी, काका? हितं लय होड्या हायेत."

पाणी उतरत चाललं होतं, थोड्या वेळात त्याची होडी गाळात बसली असती. तुळशीरामने इकडेतिकडे पाहिलं. "धर्मराज," तो पुटपुटला.

"वारा हाय काका, ऐकू येत नाय."

"धर्मराज बाजूला घ्या," म्हातारा बेंबीच्या देठापासून ओरडला. अख्ख्या बंदराने ऐकलं.

गुणाबाईने जाळं खाली ठेवलं आणि जाऊन दोर सोडला.