पासलीच्या घरातले अकस्मात मृत्यू

माझ्या नोकरीत खून, दरोडे, मारामाऱ्या पुष्कळ झाल्या. त्यांतल्या बऱ्याच आता एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. पासलीची घटना मात्र अजून लख्ख आठवते, आणि आठवली की मान खाली जाते. माणसांची नावे मुद्दाम देत नाही.

तेव्हा भोर संस्थान होते आणि मी वेल्ह्याच्या ठाण्यावर फौजदार होतो. तक्रारी बहुतेक बांधावरून, नाहीतर गुरे शेतात शिरल्यावरून येत. भातकापणीच्या दिवसांत त्याही कमी होत, कारण भांडायला कोणाला सवड नसे. अशाच एका सकाळी पासलीचा एक माणूस धापा टाकत ठाण्यात आला. त्याचा चुलतभाऊ, तिशीतला धडधाकट शेतकरी, आदल्या दिवशी भाताचा भारा खळ्यावर नेताना पडून मेला होता.

"सायब, पोलीसपाटील म्हणत्यात आपसूक मेला. असला गडी आपसूक मरतो व्हय? बायकूनं ताक दिलं, त्ये प्याला, भारा उचलला आन् पडला. बहीण यायची म्हणून मढं ठिवलंया. जाळायच्या आदी या." मग आवाज खाली आणून म्हणाला, "दिराचं आन् तिचं लई गूळपीठ हाय."

मी दोन शिपाई आणि हवालदाराला घेऊन निघालो. प्रेतावर जखम नव्हती. ओठ निळे होते, तोंडाला वाळलेला फेस होता. घरामागे कण्हेर होती आणि तिची एक फांदी ताजी मोडलेली होती. कण्हेर विषारी, हे गावात सगळ्यांना ठाऊक. मयताची बायको दोन वर्षांचा मुलगा कडेवर घेऊन भिंतीला टेकून उभी होती. ती रडत नव्हती. पंचनाम्यात मी फांदीची नोंद केली, आणि तिच्या कोरड्या डोळ्यांची मनात केली. पोलिसाच्या डोक्यात एकदा एक गोष्ट बसली की पुढे जे दिसेल ते त्याच गोष्टीत चपखल बसायला लागते.

प्रेत डोलीत घालून निघालो. एका बाजूला मयताचा धाकटा भाऊ, म्हणजे तोच दीर, खांदा देत होता. वय बाविसाच्या आसपास. चढावर त्याने एकाएकी छातीवर हात धरला, पांढराफटक पडला आणि खाली कोसळला. थोड्या वेळाने उठून बसला.

"काय झालं रे?"

"काई न्हाई सायब. चढ लागला की हुतं असं कदी कदी."

मी हवालदाराला हळूच म्हणालो, "मन खातंय त्याला."

वेल्ह्याहून प्रेत बैलगाडीने भोरच्या दवाखान्यात धाडले. बाई आणि दीर यांना चौकशीसाठी ठेवून घेतले. बाईला दिवसा ठाण्यात बसवायचे आणि रात्री वेल्ह्याच्या पाटलाच्या घरी पोहोचवायचे. तिचे मूल सासूजवळ पासलीला राहिले.

"ताकात काय घातलंस?"

"मीठ."

"आणखी?"

"मीठच, सायब."

"कण्हेरीची फांदी कुणी तोडली?"

"देवाला फुलं काढताना मोडली. म्याच मोडली. सासूबाईंनीबी त्येच ताक प्यालं. त्यास्नी इचारा की."

मुलगा कशाने गेला, हे सासूला मी पासलीतच विचारले होते. ती "मला काय ठावं न्हाई" एवढेच म्हणाली होती. त्या उत्तराने माझा संशय वाढला होता. तीन दिवस मी दोघांना तेच ते प्रश्न उलटसुलट विचारले. दोघांचे जबाब एका शब्दाने बदलले नाहीत. दोघांनी आधीच ठरवून घेतले आहे, असे मी मानले. तिसऱ्या दिवशी मी धाकट्यावर हात उचलला. दोन थपडा मारल्या, ते लपवत नाही. तो छाती दाबून खाली बसला आणि तोंडाने श्वास घेत राहिला.

"सोंग करू नकोस," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी भोरच्या डॉक्टरांचे बोलावणे आले. ते वयस्क, मोजके बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला आत नेऊन मयताचे हृदय दाखवले.

"ही भिंत बघा. असायला हवी त्याच्या दुप्पट जाड आहे. हे काही एका दिवसात होत नाही. असा माणूस वरून पैलवान दिसतो. ओझं घेऊन चढायला लागला, धावला, की हृदयाची लय बिघडते आणि उभ्याचा आडवा होतो."

"आणि कण्हेर?"

"कण्हेर पोटात गेली तर उलट्या होतात, माणूस तळमळतो. याला उलटी झाली होती का?"

"नाही."

"जठर तपासणीला मुंबईला पाठवतो. पण मला विष वाटत नाही. तुम्ही एक करा, याचा बाप कशानं गेला ते विचारा. असलं हृदय कधीकधी घराण्यात असतं. पाठचा भाऊ आहे ना? त्याला चक्कर येते का? येत असेल तर ओझं, कुस्ती, पळणं सगळं बंद करायला सांगा. आणि माझ्याकडे पाठवा."

परतीच्या वाटेवर मला चढावर कोसळलेला धाकटा दिसत होता. ठाण्यात न थांबता मी थेट पासली गाठली. म्हातारी नातवाला भात भरवत होती.

"बाई, तुमचे मालक कशानं गेले?"

तिने नातवाचे तोंड पुसले. मग म्हणाली, "नांगर धरल्याला व्हता. हितंच, खालच्या वावरात. पस्तिशीबी न्हवती."

"घरात आणखी कोणी असं गेलं?"

"माजा दीर. जत्रंत कुस्ती मारली, हसत भाईर आला आन् पडला."

"मग बोलला का नाहीत? सून तिकडं ठाण्यात बसलीय."

"धाकल्याचं लगीन व्हयाचं हाय, सायब. घराला असं कायतरी हाय म्हणून कळलं तर पोरगी कोन दील? म्हनलं, सुनंनं काय केलंच न्हाई, तर सोडशीला तुमी."

"ताक तुम्हीही प्यालात?"

"व्हय. तिनं आदी मला दिलं. मंग त्याला."

दुसऱ्या दिवशी दोघांना सोडले. पुढे मुंबईचा अहवालही आला, विष आढळले नव्हते. 'अकस्मात मृत्यू, नैसर्गिक' असा शेरा मारून मी कागद बंद केले. बाई मात्र पासलीत राहू शकली नाही. ठाण्यात बसून आलेली बाई म्हणून गावाने तिच्याकडे पाठ फिरवली, आणि ती मुलाला घेऊन सारोळ्याजवळ माहेरी गेली.

डॉक्टरांचा निरोप धाकट्याला मी दिला नाही. सोडताना त्याच्यासमोर उभा राहिलोच नाही. हवालदाराला म्हणालो, "जा म्हणावं त्याला." मुंबईचा अहवाल आला की स्वतः जाऊन सांगू, असे मनाशी ठरवले. अहवाल आला तेव्हा दुसरे प्रकरण हातात होते. मग माझी बदली झाली.

पुढच्या वर्षी भोरच्या कचेरीत पासलीचे पोलीसपाटील भेटले. सहज बोलावे तसे म्हणाले, "सायब, त्यो धाकलाबी गेला की. भारा घिऊन खळ्याकडं निगाला व्हता. लगीन हून सा म्हैनंबी झालं न्हवतं."

मी त्याच आठवड्यात सारोळ्याला गेलो. मयत थोरल्याची बायको भावाच्या शेतात खुरपत होती. मला पाहताच ती उठून उभी राहिली, आणि तिचा हात आपोआप मुलाच्या खांद्यावर गेला.

"बाई, भिऊ नका. तुमच्या मुलासाठी आलोय." मी तिला सगळे सांगितले. मुलाला भोरच्या डॉक्टरांना दाखवा, पळताना दम लागला, चक्कर आली, तर लाजेने किंवा भीतीने लपवू नका, तालमीत घालू नका.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग विचारले, "ह्ये तुमाला कवा कळलं?"

"तुम्हाला सोडलं त्याच्या आदल्या दिवशी."

"भावजींना सांगितलं व्हतं?"

"नाही."

मला वाटले, ती ओरडेल, शिव्या देईल. मी त्या ऐकून घेतल्या असत्या. ती म्हणाली, "उद्या जाते भोरला," आणि मुलाला घेऊन बांधाकडे चालू लागली. डॉक्टरांना त्याच्यात काय आढळले, ते विचारायला मी पुन्हा गेलो नाही. तो हक्क माझा उरला नव्हता.

आज या रोगाला नाव आहे, तपासायला यंत्रे आहेत, औषधे आहेत. तेव्हा जवळच्यांना सावध करणे एवढाच उपाय होता आणि तो माझ्या हातात होता. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत, धडधाकट माणूस एकाएकी गेल्याची वर्दी आली की मी घरातल्या जुन्या मृत्यूंची चौकशी करी. मागे राहिलेल्या भावंडांना आणि मुलांना समोर बसवून सांगे, मगच कागदावर सही करी. काही लोक खरोखर डॉक्टरांकडे गेले.

लोकांना मी अनेक वर्षे सांगत आलो की कामाच्या गर्दीत तो निरोप राहून गेला. ते खरे नाही. पासलीला जायला एक दिवस पुरला असता, आणि तसे दिवस मला कितीतरी मिळाले. पण धाकट्याला ते सांगायचे तर आधी त्याची माफी मागावी लागली असती.