काडी किती लांब घ्यावी?

नोकरीतलं काही सांगायला बसले की माझी मुलगी आधीच बजावते, "आई, थोडक्यात सांग हं!" आता हिला काय सांगायचं? अगं बाई, तुझ्या आईची उभी नोकरीच थोडकं करण्यात गेली! फायली रद्दीत गेल्या, माणसं एकेक करून वर गेली, आणि किस्से तेवढे माझ्या डोक्यावर बसून राहिले. ऐकायला मात्र कुणाला वेळ नाही.

नव्वदच्या दशकात मी बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका संशोधन केंद्रात होते. केंद्राचं नाव सांगत नाही, उगाच कशाला कुणाला झोंबायचं! तिथं विभाग तीन, आणि तिघांनाही पडलेला प्रश्न एकच: किती लांब कापायचं? भिसे सरांची डाळिंबाची काडी, निंबाळकर साहेबांची उसाची कांडी आणि माझी कडब्याची कुट्टी. प्रत्यक्ष कापायचं काम निरवांगीच्या तात्यांचं. केंद्रावरचे सगळ्यात जुने मजूर. चहाच्या वेळी आमची जुंपली की ते म्हणायचे, "भांडा तुमी निवांत. कात्री माझ्याकडं हाय!"

* * *

भिसे सर आमच्यात सगळ्यात मोठे. रिटायरमेंट दिसायला लागलेली, आणि जीव एकाच गोष्टीत अडकलेला: जायच्या आत आपली एक तरी शिफारस मंजूर व्हावी.

शिफारस म्हणजे काय, तर एकच प्रयोग तीन हंगाम करायचा, आकडे वार्षिक बैठकीत मांडायचे. बैठकीनं मान डोलावली, की पुस्तिकेत छापून येतं, शेतकऱ्यांनी अमुक करावं. सगळ्यांच्या एक-दोन झालेल्या. सरांची एकही नाही. कधी पाऊस आडवा आला, कधी बदली.

"तयार गुटी कलम विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही हो," सर सांगायचे. "साधी फांदीची काडी रोवली तरी डाळिंब येतं. आखूड घेतली तर सुकते, लांब घेतली तर मूळ झाडाचं वाटोळं. मधे कुठंतरी उत्तर आहे. तेवढं एक सापडलं ना बाई, की मी सुटलो!"

त्यासाठी चार वेगवेगळ्या लांबीच्या काड्या वाफ्यांत लावलेल्या. खिशात कायम स्टीलची छोटी पट्टी. ती पट्टी बारामतीच्या मंडईतसुद्धा बाहेर निघायची! एकदा मी सोबत होते. सरांनी शेवग्याच्या शेंगेला पट्टी लावली, तशी विकणारी मावशी कडाडली, "घ्यायची आसंल तर घ्या! सोयरीक जमवायची हाय का तिची, उंची मोजायला?"

सरांनी मुकाट्यानं दोन जुड्या घेतल्या. घरी शेवगा कुणी खात नव्हतं.

* * *

माझंही काही फार बरं चाललेलं नव्हतं. वरकुट्याला एक आबा होते, त्यांच्या दावणीला दोन गाई. मी त्यांच्या मागे लागले, "आबा, अख्खा कडबा टाकू नका, निम्मा पायाखाली जातो. बारीक कुट्टी करा."

आबांनी ऐकलं. पंधरवड्यानं मी मोठ्या ऐटीत विचारायला गेले, "काय आबा, कडबा वाचला की नाही?"

"कडबा वाचला की," आबा म्हणाले. "पन बाई, आदी गाय दिसभर चघळत बसायची. आता घटकाभरात गव्हाण साफ, आन् मग दिसभर माझ्याच तोंडाकडं बघती! मला भाकर खायाची चोरी झालीया!"

त्यांनी कुट्टी बंद केली. खरं सांगू? आमच्या तक्त्यात गाईच्या करमणुकीचा रकानाच नव्हता!

* * *

निंबाळकर साहेब बोलायला फर्डे. सांगवीला सभा घेतली आणि तासभर सांगितलं, उसाचं लांब टिपरं लावू नका, एकाच डोळ्याची छोटी कांडी लावा, बेणं वाचतं. डोळा म्हणजे उसाच्या पेरावरचा कोंब. सभा माना हलवत होती. शेवटी एक म्हातारा उठला.

"सायब, तुमास्नी लेकरं किती?"

"दोन. का हो?"

"मंग? तुमी तरी कुठं एकाच्या भरवशावर ऱ्हायला? आमी दोन डोळ्यांचंच लावतो!"

सभा तिथंच संपली. परतीच्या वाटेवर जीपमध्ये साहेबांनी स्वतःच रेडिओ लावला; एरवी त्यांना गप्प करायला ड्रायव्हरला रेडिओ लावावा लागायचा.

* * *

लोकरीवर काम करणारे एक पाहुणे शास्त्रज्ञही येऊन गेले. त्यांना धागा लांब हवा होता. तात्यांच्या घरात पूर्वी मेंढरांचं मोठं खांड असायचं, आता थोरल्या भावाकडं थोडीच मेंढरं उरलेली. पाहुणे त्यांना म्हणाले, "ह्या वेळी ह्या चार मेंढ्यांची लोकर कातरू नका, वाढू द्या." भाऊ बरं म्हणाले.

उन्हाळा उतरताना पाहुणे मोजायला आले, तर चारही मेंढ्या गुळगुळीत!

"अहो, ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं हुतं. पन तुमी चैताच्या उन्हात एक दिस घोंगडं पांघरून हितं हुबं ऱ्हावा. सांजंला म्हनालात की आजून वाढू द्या, तर म्या ऐकतो!"

पाहुणे पुन्हा आले नाहीत. आम्ही खूप हसलो तेव्हा. भिसे सर तेवढे हसले नाहीत. "एक वर्ष गेलं हो बिचाऱ्याचं," म्हणाले.

* * *

आणि मग सरांचाच नंबर लागला.

दोन हंगाम झकास पार पडले होते. तिसरा चालू होता, आणि त्याच वर्षी सर रिटायर होणार होते. तेवढ्यात वरून निरोप आला, उद्या मोठे साहेब केंद्र बघायला येणार. झालं! दगडांना चुना, कुंड्यांना गेरू, फाटकाला तोरण. सर त्या दिवशी कामासाठी पुण्याला गेलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले, तसे तात्या हसत सामोरे गेले. "सर, तुमचं वाफं बघा! लई येडंवाकडं दिसत हुतं, एक काडी हितं, एक तितं. आमी दोरी धरून समदं एका लेव्हलला आनलं!"

चारही लांबीच्या काड्या, एका उंचीवर छाटलेल्या. सर तिथंच बांधावर बसले.

तेवढ्यात गाड्या आल्या. मोठे साहेब वाफ्यांपाशी थांबले आणि खूश होऊन सोबतच्या लोकांना म्हणाले, "बघा, किती एकसारखं आहे! ह्याला म्हणतात संशोधन!" फोटो निघाला. फोटोत सर हसताहेत.

गाड्या गेल्यावर मी तात्यांना काय झालं ते समजावलं. माणूस पार खचला. सरांपुढं जाऊन म्हणाला, "सर, मला चार शिव्या तरी द्या."

"शिव्या कशाला?" सर म्हणाले. "पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर झाडतोच की, तात्या."

शाल-श्रीफळ घेऊन सर रिटायर झाले. शिफारस राहिली. मला आजही तो फोटो बघवत नाही.

* * *

पण सरांनी हाय खाल्ली नाही. नवे प्रमुख आले, त्यांना जाऊन भेटले. "तिसरा हंगाम मला करू द्या. पगार नको, भत्ता नको." सर बारामतीहून स्वतःच्या खर्चानं एसटीनं यायचे, डबा बरोबर. तात्यांनी वाफ्यांभोवती बाभळीचं काटेरी कुंपण घातलं आणि कात्री कमरेला बांधून राखण केली. एकदा खुद्द प्रमुख जवळ जायला लागले, तर तात्या ओरडले, "लांबनं बघा, सायब!"

हंगाम पार पडला. बैठकीत आकडे मांडले. सर मागच्या रांगेत बसलेले. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाची हरकत?" कुणाचीच नव्हती. मंजूर! सरांनी तोंड रुमालात धरलं, आणि मीही डोळे पुसले. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या शिफारशीचा झाला नव्हता, खोटं कशाला बोलू!

पावसाळ्यात पुस्तिका छापून आली. त्या वर्षी शिफारशी फार झाल्या, म्हणून छपाईचं बघणाऱ्यांनी प्रत्येकीची कापून एकच ओळ केली होती. मी पाकीट न उघडता तशीच सरांच्या घरी बारामतीला गेले. पान सरांनीच काढलं आणि मोठ्यानं वाचलं:

"डाळिंबाची लागवड योग्य लांबीच्या काड्यांपासून करावी."

बस्स. पुढं काही नाही. मी पान उलटून पाहिलं, मागं तूर होती.

"सर, मी आत्ताच्या आत्ता फोन करते! ह्यांना काही लाज?"

"छापून झालं, बाई." सरांनी चष्मा पुसला, ओळ पुन्हा एकदा मनाशी वाचली आणि आत हाक मारली, "अगं, पेढे मागव. आपली शिफारस आली!"

पेढे आले. सर स्वतः पुडा घेऊन शेजारी निघाले, मागोमाग मी. शेजारचे काका बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी पेढा उचलला. "अभिनंदन सर! एवढी वर्षं ऐकतोय तुमच्या प्रयोगाचं. काय निघालं शेवटी?"

"डाळिंबाची काडी योग्य लांबीची घ्यावी."

काकांचा हात तोंडापाशीच थांबला. "म्हणजे किती लांब?"

"ते छापायला जागा नव्हती," सर म्हणाले. "घ्या ना, अजून एक घ्या."