हत्ती सीलसमोरचे तीन रविवार

शुद्धलेखनाच्या चुका आधीच पोटात घाला. माझी मराठी शाळा आठवीत सुटली आणि पुढची डच शाळा मीच सोडली. शब्दही साधेच आहेत. पण किस्से साठत जातात, त्याला मी काय करणार? म्युझियममध्ये कोट सांभाळणाऱ्याकडे लोक नुसते कोटच ठेवून जातात असं वाटतं का तुम्हाला!

समुद्राजवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये मी कोट सांभाळायचो. शहरातल्या बुइटनव्हेल्डर्ट भागात आईबाबांकडे राहायचं आणि स्लोटरडाइक स्टेशनवर गाडी बदलून रोज कामावर यायचं. हॉलंडच्या किनाऱ्यावर हत्ती सील येत नाहीत, तरी आमच्या हॉलमध्ये त्यातल्या नराचा खऱ्या मापाचा पुतळा आहे. सोंडेसारखं नाक आणि जीपएवढं अंग.

तीन मराठी मंडळांनी मराठी गाईड मागितला. आमची मॅनेजर मराइके मला म्हणाली, "तीन रविवार तू कर. लोक शेवटपर्यंत थांबले तर गाईडची पक्की नोकरी तुझी. नाहीतर परत कोट."

मला चार माणसांत स्वतःचं नाव सांगतानाही घाम फुटतो.

*

पहिल्या रविवारी आइंडहोव्हनचे इंजिनिअर आले. चिप बनवायच्या मशीनवर काम करणारी माणसं. मी म्हणालो, "नर साधारण पाच मीटर लांब असतो."

एकाने लगेच फोन काढून पुतळा मोजला. "चार पॉइंट एट टू. मॉडेल स्पेकमध्ये नाही तुमचं!"

मग नाकाच्या टोकापासून मोजायचं की डोक्यापासून, यावर पंधरा मिनिटं मीटिंग झाली. लांबून मराइकेने खुणेनेच विचारलं, एवढं काय बघतायत? मी अंगठा दाखवला. पंधरा मिनिटं मला बोलावं लागलं नव्हतं.

*

त्यांच्यातच पाच बॅचलर होते, टिलबर्गला एका फ्लॅटमध्ये राहणारे. मी सांगितलं, "नर आधी किनाऱ्यावर येतात आणि मारामाऱ्या करतात. जो जिंकतो त्याच्याभोवती माद्यांचा सगळा कळप."

"आणि बाकीचे नर?" एकाने विचारलं.

"कडेला पडून राहतात. बहुतेकांना जन्मभर जोडीदारीण मिळतच नाही."

पाचही जण बुटांकडे बघायला लागले. मग एक जण हळूच म्हणाला, "निदान त्यांच्या मावश्या फोन करून विचारत तरी नाहीत."

*

दुसऱ्या रविवारी आयटीवाले. मी म्हणालो, "मादीला गर्भ राहतो, पण पहिले काही महिने त्याची वाढ थांबलेली असते. म्हणजे पुढच्या वर्षी ती किनाऱ्यावर परत आली की मगच पिल्लू जन्मतं."

"म्हणजे काम घेतलंय, पण होल्डवर ठेवलंय," कुलकर्णी म्हणाले.

"हो."

"आणि तरीही डिलिव्हरी वेळेवर? मॅनेजर कोण आहे हो यांचा?"

*

या आयटीवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष नेनेकाका पहिल्यापासून पुतळ्याला पाठ लावून उभे. त्यांच्याशिवाय पुतळ्याचा फोटो निघेना.

मी आपलं प्रामाणिकपणे सांगत होतो, "जिंकलेला नर तीन-तीन महिने जागा सोडत नाही. खायलासुद्धा जात नाही. गेला तर दुसरा येऊन बसेल ना!"

मागून उपाध्यक्षबाई म्हणाल्या, "सात वर्षं बघतोय आम्ही!"

सगळ्यात मोठ्याने नेनेकाकाच हसले. हलले मात्र नाहीत.

*

तिसऱ्या रविवारी आमच्या भागातल्या मंडळाच्या बायका आल्या, आणि त्यांच्यात आई! मला घरी काही बोलली नव्हती. आली ती सरळ मराइकेकडे गेली आणि इंग्लिशमध्ये म्हणाली, "माझा मुलगा फार लाजाळू आहे. त्याला बोलायचं काम देऊ नका. कोटच बरे."

मी चार पावलांवर उभा होतो. मराइके म्हणाली, "बघू या."

बायका बाकांवर बसल्यावर मी सुरुवात केली. "पिल्लू झालं की मादी जवळजवळ चार आठवडे काही खात नाही, नुसतं दूध पाजते. पिल्लू फुगतं, ती वाळते. मग एक दिवस ती समुद्रात निघून जाते. परत त्याच्याकडे येत नाही."

"चार आठवडे? कसली मेली आई ही!" एक बाई म्हणाल्या.

"आमचा एकतिसाव्या वर्षी विचारतो, आई, माझे मोजे कुठेत?" शेजारची म्हणाली.

हसता हसता कॉफीचा विषय निघाला. दोघींनी पर्स उचलल्या. मराइके त्यांच्याकडे बघत होती. मला पुढचं वाक्यच आठवेना.

तेवढ्यात मागे एक हात वर झाला. आईचा.

"सर," ती उभी राहून म्हणाली. मला! "तुम्ही पुढचं सांगितलंच नाहीत. आई गेल्यावर पिल्लू काय करतं?"

पर्स परत खाली गेल्या.

"आधी ओरडतं," मी म्हणालो. "मग पडून राहतं. दीड-दोन महिने अंगातल्या चरबीवर काढतं. मग कधीतरी पाण्यात उतरतं."

"पोहायला कोण शिकवतं त्याला?"

"कोणीच नाही."

"बुडत नाही?"

"काही पिल्लं नाही जगत, आई."

"आणि जे जगतात ते?"

"ते कित्येक महिने किनाऱ्याला येतच नाहीत."

आई खाली बसली. शेवटपर्यंत कोणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर आईने रोज भरून ठेवलेला असतो तो माझा डबा नव्हता. आई टेबलापाशी चहा पीत बसली होती. उठली नाही. मी ब्रेडला चीज लावलं, तो गाडीतच संपवला, आणि नऊ वाजता मराइकेच्या टेबलावर गाईडच्या नोकरीच्या कागदावर सही केली.