मेहंदी लावलेला अंगठा

भूकंपात घर पडलं तेव्हा मी चौथीत होतो. पुढची बरीच वर्षं पत्र्याच्या शेडात गेली. वडील लातूरच्या आडतीवर हमाली करायचे. बँकेत जायचं म्हणजे त्यांचा रोज बुडायचा, आणि काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणायचा, "उद्या या." त्या काउंटरच्या आत बसायचं, हे मी तिथंच ठरवलं. नांदेडला राहून पदवी घेतली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

पुढं बँकेत लागलो. देवणी भागातल्या एका शाखेत होतो तेव्हा अंगठ्याचं मशीन आलं. सही न येणाऱ्यांनी काचेवर अंगठा ठेवायचा, की ओळख पटली. आता खेटे मारावे लागणार नाहीत, हे गावोगाव फिरून मीच सांगितलं होतं.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बायकांची रांग लागली. सगळ्यांचे हात लालभडक. आमच्याकडं पंचमीला बोटांची टोकं पार बुडवल्यासारखी रंगवतात. पहिला अंगठा मशीननं नाकारला. दुसराही. पुसून पाहिलं, बाकीची बोटं लावून पाहिली. नाहीच.

मागून एक म्हातारा बोलला, "साहेब, तुमची मशीन सासूवानी हाय. सुनंचं कायबी पसंत पडंना."

लोक हसले. समोर उभी बाई हसली नाही. तिची मुलगी लातूरला क्लाससाठी राहत होती.

"फी आज पाचच्या आत पोचली न्हाई तर पोरीची जागा दुसऱ्याला देतेत. खात्यात पैसे हायेत ना?"

"आहेत, मावशी. पण मशीन तुम्हाला ओळखत नाही."

"मशीन न्हाई वळखत. तुमी तर वळखता. खातं काढाया माज्याच वसरीवर बसला हुतात की."

मॅनेजर केबिनमधून आले. "अंगठेवाल्यांचे व्यवहार मशीनवरच. वरचा आदेश आहे. रंग गेल्यावर या म्हणावं."

बाईनं ते ऐकलं. बाहेर नळापाशी जाऊन ती दगडावर अंगठा घासू लागली. मी धावलो तोवर कातडं सोलवटलं होतं.

"मावशी, थांबा. असं केलं तर मशीनला तो कधीच वाचता येणार नाही."

मी कपाटातून मशीन येण्याआधीची कोरी स्लिप आणि शाईचा पॅड काढला. पॅड वाळला होता. पाण्याचे थेंब टाकले. दुसऱ्या हाताचा अंगठा घेतला, पासबुकावरचा फोटो पडताळला, म्हाताऱ्याची साक्षीला सही घेतली. खाली लिहिलं, ओळख मी पटवली आहे.

"चौकशी लागली तर नोकरीवर येईल," मॅनेजर म्हणाले.

"सही माझी आहे. उत्तर मीच देईन."

त्यांनी स्लिपवरचा मजकूर पुन्हा वाचला. मग मंजूर केली. क्लासच्या खात्यावर रक्कम सोडली, पण पोचल्याचा निरोप येईना. घड्याळ पाचकडं सरकत होतं. मी खुर्ची दिली, तरी बाई बसली नाही. शेवटी तिचा फोन वाजला. मुलीला पावती मिळाली होती.

"बरं," बाई म्हणाली. "जेवलीस का?"

चौकशी झाली, मी लेखी उत्तर दिलं. मशीन नाही म्हणालं तर कर्मचाऱ्यानं ओळख पटवून व्यवहार करावा, अशी परवानगी आमच्या शाखेला मिळाली. मुलगी त्याच बॅचला बसली. मेहंदीपायी एकाही बाईचं काम आमच्या शाखेत पुन्हा अडलं नाही.